झाकली मूठ

बुखारेस्टबद्दल आता कुणी भांडत नाही. १ ऑक्टोबर १९९२ची ती रात्र त्याच महिन्यात अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, २००५मध्ये तिची डीव्हीडी निघाली. मंचाच्या पोटातून उसळून वर आलेला मायकल जॅक्सन सुरुवातीला नुसता उभा राहतो, हलत नाही, आणि खाली माणसं हुंदके देऊन रडतात. तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या चाहत्यांत भांडण आहे ते बाकीच्या रात्रींवरून. योकोहामा १९८७. ब्युनोस आयर्स १९९३. ब्रुनेई १९९६. म्युनिक १९९७. यातली कुठली रात्र चित्र साफ करून, आवाज नीट बसवून अधिकृतपणे बाहेर यायला हवी, कुठली आली नाही तरी चालेल आणि कुठली आली तर त्याच्या नावाला कमीपणा येईल.

'बॅड', 'डेंजरस' आणि 'हिस्टरी' या तीन दौऱ्यांत मिळून त्याचे पावणेतीनशेच्या आसपास कार्यक्रम झाले. पहिला १२ सप्टेंबर १९८७ला टोकियोत, शेवटचा १५ ऑक्टोबर १९९७ला दरबानमध्ये. त्यांतले अथपासून इतिपर्यंत अधिकृतपणे हाती आलेले दोनच, बुखारेस्ट आणि वेम्बली. बाकी जे आहे ते परदेशी वाहिन्यांवरून कुणी घरच्या व्हीसीआरवर उतरवून घेतलेलं, त्याची नक्कल, त्या नकलेची नक्कल. तरीही त्या पुसट चित्रांवर लोकांनी अर्धं आयुष्य काढलं आहे. कुठल्या शहरात कुठल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला त्याला धाप लागली, कुठे गिटारवाल्या जेनिफर बॅटनकडे बघून तो हसला, हे त्यांना ठाऊक असतं. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. आपल्याकडे अमुक बुवांनी अमुक साली कुणाच्या दिवाणखान्यात मारव्यात धैवतावर कसा ठेहराव केला हे सांगणारी माणसं होती, त्यांच्याच जातीचे हे लोक.

योकोहामाची बाजू मला आधी पटली. 'बॅड' अल्बम बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. त्याने नुकती वयाची २९ वर्षं पुरी केली होती. आवाज भरलेला, नाचून थकल्यावरचा श्वासही माइकमधून येतो आणि तो लपवलेला नाही. विरोधक म्हणतात, पण या कार्यक्रमात 'मॅन इन द मिरर' नाही, 'स्मूद क्रिमिनल' नाही. ती गाणी पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कॅन्सस सिटीपासून आली. म्हणजे हा कच्चा कार्यक्रम. त्यावर योकोहामावाले म्हणतात, कच्चा आहे म्हणूनच हवा. भावांबरोबर गायलेली गाणी अजून त्याच्या अंगावर आहेत, नवं अंग अजून पुरतं चढलेलं नाही, असा तो पुन्हा कुठेच दिसत नाही. हे ऐकलं की मी योकोहामाच्या बाजूला जाते. मग कुणी तरी ब्रुनेईचं नाव काढतं. १६ जुलै १९९६, सुलतानाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा तो कार्यक्रम. आणि मी पुन्हा डळमळते.

म्युनिकच्या वेळी वादाला धार येते. चित्र देखणं, मंच भव्य, पण 'हिस्टरी' दौऱ्यात बरीच गाणी ध्वनिमुद्रित आवाजावर होती. ओठ हलतात, गळा गात नाही. ज्यात तो गायलाच नाही त्याला गाण्याचा कार्यक्रम का म्हणायचं, असं एक बाजू विचारते. प्रश्न रास्त आहे. पण मला लगेच पॅसाडेना आठवतं. २५ मार्च १९८३ला मोटाउन कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाचा सोहळा चित्रित झाला, मे महिन्यात तो प्रसारित झाला. त्यात 'बिली जीन'वर तो पहिल्यांदा मागे सरकत चालला आणि जगाने ती चाल कायमची लक्षात ठेवली. तिथेही आवाज रेकॉर्डचाच होता. त्या चार-पाच मिनिटांना कुणी खोटं म्हणत नाही. मग खरेपणा गळ्यात होता की पायांत? आणि पायांत असेल, तर म्युनिकला नाकारायचं कशाच्या जोरावर? त्याने स्वतः 'मूनवॉक' या आत्मचरित्रात लिहिलं आहे की त्या रात्री तो नाराज होता. गिरक्या घेऊन पायांच्या बोटांवर जितका वेळ थांबायचं त्याने ठरवलं होतं, तितका वेळ तो थांबू शकला नव्हता. कोट्यवधी लोकांनी जे पाहिलं ते त्याच्या हिशेबी उणं होतं. तिथे निवड त्याच्यावर सोपवली असती तर?

गेले काही दिवस या सगळ्यावर एक म्हण येऊन बसली आहे आणि ती उठत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आजी ही म्हण घरातल्या उणिवांसाठी वापरायची. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, दुकानात उधारी साचली, की शेजारी चौकशीला आलेल्या बाईसमोर मूठ झाकायची. त्या अर्थाने मूठ रिकामी असते, किंवा तिच्यात जे असतं ते दाखवण्यासारखं नसतं. मूठ ज्याची त्याला हे ठाऊक असतं. सव्वा लाख ही किंमत त्याने लावलेली नसते, बाहेरून बघणाऱ्याने लावलेली असते. म्हणजे या म्हणीत दोन माणसं आहेत आणि आपण नेहमी एकाचाच विचार करतो. झाकणारा अब्रू वाचवतो, हे खरं. पण बघणारा काय करतो? तो आपल्या मनातलं काहीतरी त्या मुठीत नेऊन ठेवतो. त्याच्याकडे जितकं असेल तितकं. ज्याच्या मनात काहीच नाही त्याला कुणाचीही झाकली मूठ एका पैशाचीही वाटणार नाही.

आणि लाख का नाही, सव्वा लाख का? पूजेला आपण सव्वा रुपया ठेवतो, नवस बोलताना वर पाव धरतो. नुसता पूर्ण आकडा तिथेच संपतो. वरचा पाव म्हणजे अजून काहीतरी आहे, हिशेब मिटलेला नाही, अशी एक जागा राखून ठेवणं. न पाहिलेल्या कार्यक्रमाबद्दल जी ओढ असते ती बहुधा त्या पावाची. योकोहामाची स्वच्छ प्रत उद्या आली तर लाख हाती पडतील, पाव जाईल. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं पुसट चित्राच्या आड काय असेल याची कल्पना केली, त्यांना त्याच्या कपाळावरचा घाम दिसेल आणि कल्पनेला करायला काही उरणार नाही. हे नुकसान आहे की नाही, मला ठरवता येत नाही.

वेम्बलीचं असंच झालं. १९८८च्या उन्हाळ्यात तिथे त्याचे सात कार्यक्रम झाले, पाच लाखांवर माणसं आली. १६ जुलैच्या रात्री युवराज चार्ल्स आणि डायना समोर बसले होते. त्या रात्रीच्या कॅमेऱ्यांच्या मूळ टेपा काही मिळाल्या नाहीत. मिळाली ती त्याच्या स्वतःच्या संग्रहातली व्हीएचएस. २०१२मध्ये 'बॅड'च्या पंचविसाव्या वर्षानिमित्त तिच्यावरूनच डीव्हीडी काढली गेली. चित्र धूसर आहे. कुणी म्हणालं, इतकी वर्षं वाट बघून हे? कुणी म्हणालं, हे मिळालं हेच पुष्कळ. मला मात्र त्या व्हीएचएसचाच विचार सतावतो. ती त्याच्याकडे होती. त्यानंतर तो एकवीस वर्षं जगला आणि त्या काळात त्याने ती बाहेर काढली नाही. काढायची नव्हती म्हणून की काढावी असं कधी सुचलंच नाही म्हणून? त्याने मूठ झाकली होती, की मुठीत काही आहे हेच तो विसरला होता? म्हण या शेवटच्या शक्यतेबद्दल काही बोलत नाही. तिने गृहीत धरलं आहे की झाकणारा जाणूनबुजून झाकतो.

आणखी एक गोष्ट ती म्हण धरत नाही. माणूस मूठ झाकून येतो आणि हात पसरून जातो, असं आपल्याकडे म्हणतात. २५ जून २००९ला तो गेला. त्याच्या मालमत्तेचा कारभार जॉन ब्रँका आणि जॉन मॅक्लेन या विश्वस्तांकडे आला आणि मूठ उघडायची की नाही हे ते ठरवू लागले. त्याच ऑक्टोबरमध्ये लंडनच्या होऊ न शकलेल्या पन्नास कार्यक्रमांच्या तालमींवरून 'धिस इज इट' हा चित्रपट आला आणि त्याने जगभर २५ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्यात तो पूर्ण आवाजात गात नाही, गळा राखून ठेवतो आहे हे दिसतं. तालीम म्हणजे गाण्याच्या आतली खोली, पाहुण्यांना न दाखवायची. ती आपण सगळ्यांनी पाहिली. मीही पाहिली, आणि तो गेल्याचं दुःख मला त्या अंधाऱ्या चित्रपटगृहात पहिल्यांदा नीट झालं. मग ती तालीम दाखवली हे वाईट झालं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

या सगळ्या याद्यांमध्ये मुंबई नसते. १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात तो गायला, नाचला. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने त्याचं स्वागत केलं, तो मातोश्रीवर जाऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटला, वर्तमानपत्रं आठवडाभर भरून गेली. तेव्हा मी कॉलेजात होते. तिकीट परवडणारं नव्हतं. आमच्या वर्गातली जी दोन-तीन मुलं गेली होती, त्यांच्या तोंडून तो कार्यक्रम आम्ही इतक्या वेळा ऐकला की मला तो आता पाहिल्यासारखाच वाटतो. चाहत्यांच्या तराजूत मुंबईचं वजन कमी भरतं. 'हिस्टरी' दौरा, म्हणजे तोच ध्वनिमुद्रित आवाज, तोच क्रम, जो प्रागला होता आणि म्युनिकला होता. सगळे देश सारखेच वाटतील असा बांधलेला कार्यक्रम. मग मुंबईची रात्र वेगळी काढून जपावी असं त्यात काय? कलेच्या अंगाने बहुधा काहीच नाही. पण त्या मुलांतला एक आज पन्नाशीकडे झुकला आहे, आणि त्या रात्रीबद्दल बोलताना त्याचा आवाज अजून बदलतो. माइक चालू होता की बंद, याने त्याच्या रात्रीत काही फरक पडत नाही.

त्या रात्रीचं अधिकृत असं काय जपलं गेलं, तर करमणूक कराची फाइल. सरकारने कार्यक्रमाला करमाफी दिली, मुंबई ग्राहक पंचायतीने तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तीन कोटींहून अधिक रकमेचा तो प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला आणि अखेर २०२१मध्ये मंत्रिमंडळाने करमाफीचा निर्णय घेतला. पंचवीस वर्षं त्या संध्याकाळचे कागद कुणी ना कुणी सांभाळले, कारण त्यावर पैसे अडकले होते. गाणं सांभाळायला असं काही कारण लागतं का? कुणीतरी भांडत असेल तरच वस्तू टिकते, हे खरं असेल तर हे चाहते भांडून मोठं काम करत आहेत. निकाल काय लागतो ते मग दुय्यम आहे.

भास्करबुवा बखले यांच्या गाण्यावरून असं भांडण होऊच शकत नाही. ते १९२२मध्ये गेले आणि त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत होते, त्यांचंही नाही. बुवांच्या कुठल्या मैफली प्रकाशित व्हाव्यात असा प्रश्न कुणाला पडत नाही आणि तरी, की म्हणूनच, त्यांचं गाणं पिढ्यान्पिढ्या मोठंच होत गेलं आहे. 'स्वयंवर' नाटकातल्या बुवांच्या चाली ऐकताना आपण बालगंधर्वांच्या गळ्यातून बुवांचा अंदाज घेतो, मास्तर कृष्णरावांच्या गाण्यात त्यांना शोधतो. मुद्रण नसल्यामुळे गाणं शिष्यांच्या गळ्यात शोधावं लागलं आणि शोधताना शिष्यही ऐकले गेले. एखादी मळकट तबकडी सापडली असती तर? कदाचित आपण ती एकदा ऐकून म्हटलं असतं, अच्छा, असे गात होते होय. आणि पुढे गेलो असतो. तरीही मला ती तबकडी हवी आहे. आत्ता कुणी म्हणालं की पुण्याच्या एका माळ्यावर ती सापडली आहे, तर हातातलं काम टाकून मी पुण्याला निघेन. माझ्या विचारांचं आणि माझ्या पायांचं इथे पटत नाही.

केसरबाई केरकर यांना ध्वनिमुद्रणाची आवड नव्हती. गोव्यातल्या केरी गावातून आलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं कष्ट करून शिकलेल्या या बाईंचं गाणं बैठकीत विस्ताराने उलगडत जायचं. तबकडीवर मावायची तीन-साडेतीन मिनिटं. त्यांनी तबकड्या दिल्या, पण मोजक्याच. आणि त्यातलीच एक, भैरवीतली 'जात कहाँ हो', कार्ल सेगन यांच्या समितीने व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीसाठी निवडली. साऱ्या जगाचं संगीत मिळून सत्तावीस तुकडे, त्यात हा एक. 'व्हॉयेजर २' २० ऑगस्ट १९७७ला सुटलं, 'व्हॉयेजर १' ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२मध्ये 'व्हॉयेजर १' सूर्याच्या प्रभावाचा प्रदेश ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. ज्यांना आपलं गाणं असं कुणाच्याही हाती पडावं असं वाटत नव्हतं, त्यांचं गाणं माणसाने पाठवलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा दूर गेलं आहे. त्यांच्या बैठका ऐकलेले रसिक सांगायचे, तबकडीतल्या बाई म्हणजे खऱ्या बाई नव्हेत, खऱ्या बाई तासाभराच्या गाण्यात. म्हणजे पृथ्वीच्या वतीने जे गेलं ते, ऐकणाऱ्यांच्या मते, त्यांचं खरं गाणं नव्हतंच. मला हे अन्यायाचं वाटतं. आणि तेवढंच विलक्षणही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, आणि त्यातलं एक दुसऱ्याला हटवत नाही.

माझे मामा मिरजेला असत. बँकेत नोकरी आणि बाकी सगळा वेळ गाणं. मिरज, सांगली, कोल्हापूर इथल्या घरगुती बैठकांना ते आपलं स्पूलचं यंत्र घेऊन जायचे. खोके, वायरी, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं सायकलरिक्षात. प्रत्येक स्पूलच्या डब्यावर बारीक अक्षरात तारीख, कुणाचं घर, राग, साथीला तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण. संग्राहकांमध्ये त्या काळी एक अलिखित रीत होती. तुम्ही एक द्या, मी एक देईन. नुसतं घेणाऱ्याला कुणी दारात उभं करत नसे. पुढे पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या मंडळींनी मैफलींच्या कॅसेट काढायला सुरुवात केली तेव्हा मामांच्या मित्रांमध्ये दोन तट पडले. काहींना वाटलं, बरं झालं, चार भिंतींतलं गाणं ज्यांना कधी बोलावणं आलं नसतं त्यांच्यापर्यंत पोचलं. काहींना वाटलं, रात्र रात्र जागून मिळवलेलं आता कुणीही दुकानातून उचलणार. आज जे लोक योकोहामावरून भांडतात त्यांच्यातही हे दोन तट मला दिसतात. आपल्याकडे असलेली दुर्मीळ प्रत सगळ्यांना मिळाली तर आपलं काय उरेल, ही भीती कुणी उघड बोलत नाही. पण ती असते. तिला मी क्षुद्र म्हणणार नाही. आयुष्यभर एकाच गोष्टीवर माया केली की ती थोडी आपली होतेच.

मामांच्या संग्रहात एक स्पूल होता, तो ते कुणाला ऐकवत नसत. एका मोठ्या गायिकेची बैठक, सत्तरच्या दशकातली. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. रात्रभर गाणं झालं आहे, पहाट होत आली आहे, कपबश्यांचे आवाज, कुणाचं खोकणं, तानपुरे पुन्हा जुळवणं. मग बाईंचा बोलण्याचा आवाज येतो. "ते बंद करा आता. हे आपल्यापुरतं." कुणीतरी म्हणतं, "हो, हो, केलं." आणि यंत्र चालूच राहतं. मामांनी ते बंद केलं नाही की बंद करायला गेलेल्याचा हात चुकला, हे मामांनी कधी सांगितलं नाही. त्यानंतर बाई ललत गातात. दोन्ही मध्यम एकमेकांना खेटून, पंचमाचा आधार नाही, आणि त्या दोन मध्यमांमध्ये त्या इतका वेळ राहतात की ऐकताना आपलाही तोल त्या अरुंद जागेत धरावा लागतो. कुठलीही करामत नाही. समोरच्या पाच-दहा माणसांसाठी, किंवा त्यांच्यासाठीही नाही, त्या गात आहेत. त्यांची सगळी प्रकाशित ध्वनिमुद्रणं माझ्याकडे आहेत. त्यांत असं काही नाही. द्रुत सुरू होऊन थोडं पुढे जातं आणि स्पूल संपतो.

मामा गेल्यावर मामींनी डबे आमच्या हवाली केले. मामेबहीण न्यू जर्सीत असते. तिने सगळ्या स्पूलचं डिजिटल रूपांतर करून घेतलं. काही फितींना बुरशी लागली होती, काहींचा थर सुटत होता, थोडा उशीर झाला असता तर निम्मं गेलं असतं. आता ती म्हणते की सगळं प्रसिद्ध करू, विनामूल्य, नीट माहिती लिहून. हा ललतही. तिचं म्हणणं साधं आहे. त्या खोलीतलं आता कुणी राहिलेलं नाही. बाईही गेल्या. ज्यांच्यापुरतं होतं ते सगळे गेले, मग ते कुणापुरतं राहिलं? आपण ठेवून काय करणार? आणि जे शिकत आहेत त्यांना हे ऐकायला मिळालं नाही तर ते बाईंना त्या गुळगुळीत रेकॉर्डवरूनच ओळखतील, हा बाईंवर अन्याय नाही का?

हे सगळं मला पटतं. फक्त एक गोष्ट आड येते. त्या ललतात जे आहे ते, मला वाटतं, यंत्र बंद आहे असं बाईंना वाटत होतं म्हणून आहे. म्हणजे ज्या गुणासाठी ते प्रसिद्ध करावं असं वाटतं, तो गुण त्यांना अंधारात ठेवल्यामुळे आला. जॅक्सनचं उलटं होतं. त्याच्यावर सतत कॅमेरे असत, त्याला ते ठाऊक असे, आणि तो त्यांच्यासाठीच श्वासाश्वासाचा हिशेब करून ठेवी. त्याच्या बाबतीत मी सहज म्हणते, सगळं बाहेर काढा, योकोहामाही, म्युनिकही, मुंबईत काही मिळालं तर तेही. मग इथेच का अडते? तालमीत तोही आपल्यापुरताच गात होता, आणि तो चित्रपट मी पाहिला. लांबच्या माणसाची मूठ उघडायला मी तयार आहे आणि मिरजेच्या बाईंची नाही, एवढाच हा फरक असेल तर त्यात तत्त्व वगैरे काही नाही, नुसती आपुलकी आहे.

बहीण म्हणते, बाईंच्या नातवाला विचारू. विचारायलाच हवं. पण तो हो म्हणाला तर ते बाईंचं हो होईल का? विश्वस्तांचं हो जसं कायद्याने चालतं तसं चालेल, एवढंच. आणि तो नाही म्हणाला तर? मग पुढचा प्रश्न येतो, तो बहिणीने मला परवा विचारला आणि मी फोनवर गप्प राहिले. बाईंचा शब्द पाळायचा असेल तर तो फक्त प्रसिद्ध करण्यापुरता कसा? त्यांनी "वाटू नका" असं म्हटलेलं नाही, "बंद करा" म्हटलं आहे. तो शब्द खरा धरायचा तर ही ध्वनिफीत असायलाच नको होती. मग ती पुसायला हवी. आणि मी ती इतकी वर्षं ऐकते आहे, तेही थांबवायला हवं.

पुसायचं आमच्या दोघींच्याही हातून होणार नाही, एवढं आम्हाला माहीत आहे. म्हणजे बाईंचं ऐकायचं नाही हे आम्ही आधीच ठरवून टाकलं आहे, आणि आता किती ऐकायचं नाही एवढ्यावरच आमची घासाघीस चालू आहे. ठेवून घेणं हे देऊन टाकण्यापेक्षा सभ्य आहे असं मला महिनाभरापूर्वी वाटत होतं. आता तसं म्हणायला गेलं की बहिणीचा दुसरा मुद्दा पुढे येतो, की निदान तिच्या मार्गाने बाईंना नवे ऐकणारे तरी मिळतील, माझ्या मार्गाने फक्त मी उरते. नातवाला पत्र लिहायला घेतलं आहे. त्यात आम्ही परवानगी मागतो आहोत की माफी, हे ठरत नसल्यामुळे पहिल्या परिच्छेदाच्या पुढे ते गेलेलं नाही.